एटी हिलेसम लपून का राहिली नाही?

प्रश्न (वाचनकट्टा, राजारामपुरी, कोल्हापूर):
येत्या रविवारी महाविद्यालयीन मुलींसमोर एटी हिलेसमच्या रोजनिशीवर बोलायचे आहे. आम्स्टरडॅमची ही ज्यू तरुणी १९४३ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी, आउशवित्झ या नाझी मृत्युछावणीत मृत्यू पावली. मित्र लपवायला तयार असताना तिने नकार दिला, हे ऐकल्यावर मुली कारण विचारणारच, काय सांगावे? कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीशी याची सांगड घालावी का?

उत्तर (शाहूपुरी):
आधी जर्मनव्याप्त नेदरलँड्समधला १९४२ चा उन्हाळा उभा करा. ज्यूंच्या अंगावर पिवळा तारा, त्यांना सायकल आणि ट्रामला बंदी, आणि जुलैपासून त्यांना पूर्वेकडच्या नाझी छावण्यांत भरून नेणाऱ्या गाड्या. एटीला ज्यू मंडळाच्या (जर्मनांचे हुकूम ज्यूंपर्यंत पोचवण्यासाठी नेमलेल्या संस्थेच्या) कचेरीत नोकरी मिळाली, म्हणजे त्या गाड्यांतून तूर्त सूट मिळाली. पण आपण सुटलो तर आपल्या जागी दुसऱ्या कोणाला तरी पाठवले जाणार, हे तिला सलत राहिले आणि तिने स्वतःहून वेस्टरबोर्क छावणीत, जिथून ज्यूंना पूर्वेकडे पाठवले जाई, काम मागून घेतले. परवाना मिळे तेव्हा ती शहरात येई आणि परतताना छावणीतल्यांसाठी औषधे नेई. जुलै १९४३ मध्ये ती मुभा संपली, तेव्हा आईवडील आणि धाकटा भाऊ मिशा छावणीतच होते. ७ सप्टेंबरला चौघेही एकाच गाडीने आउशवित्झला गेले.

उत्तर (ताराबाई पार्क):
वरील माहिती योग्य आहे, मात्र तिला संतपद देऊ नये, अशी कळकळीची विनंती. नेदरलँड्समध्ये २५ हजारांहून अधिक ज्यू लपले आणि त्यातले बरेच वाचले. त्यांचा निर्णय कमी धैर्याचा नव्हता. मुलींना तिचे २४ ऑगस्ट १९४३ चे पत्र वाचून दाखवा. गाडी सुटण्याच्या आदल्या रात्री एक तरुण आई, बाळ एरवी असे रडत नाही, असे जणू माफी मागत सांगते. एटी अशा बायकांजवळ थांबत होती. 'का' याचे उत्तर मला तिथे अधिक सापडते.

उत्तर (गांधीनगर):
वळिवड्याची सांगड घालू नये. १९४३ ते १९४८ दरम्यान तिथे सुमारे ५००० पोलिश लोक राहिले, त्यांत बायका-मुलेच जास्त. ते बहुतांशी कॅथलिक होते. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये त्यांना सायबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केले होते आणि तिथून ते इराणमार्गे इकडे आले. त्यांचे दुःख मोठेच आहे, पण ते वेगळे आहे. त्यासाठी दुसरा रविवार ठेवावा.