नुसतं बघताना बाबांचा अंगठा हलतो, असं का होत असेल?

पडवी_असगोली:
शिमग्यानंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात अजून नीट उचलत नाही. पाऊस तोंडावर आलाय म्हणून परवा दादा पडवीत नारळाच्या चुडतांची, म्हणजे झावळ्यांची, झापं विणायला बसला. चुडतं मधोमध चिरून रात्रभर डोणीत भिजत घातलेली. बाबा समोर खुर्चीवर. दादा एक पात वर, एक खाली करत टोकाला आला आणि शेवटची पात दुमडून खोचायला लागला, तसा बाबांचा उजवा अंगठा आत वळला. मला वाटलं भास असेल. पण पुढच्या झापालाही तसंच, नेमकं खोचतानाच! पुण्याहून आलेला भाचाही तासभर तेच बघत होता, त्याचे हात मांडीवर निवांत.

बाबांनी चाळीस वर्षं झापं विणली आहेत. नुसतं बघतानाही त्यांचं डोकं विणत असेल का? आणि हाताला त्याचा काही उपयोग होईल का?

मेंदूचा_विद्यार्थी:
ताई, तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. इटलीत पार्मा इथे मेंदूशास्त्रज्ञ रिझोलाती यांच्या गटाला माकडाच्या मेंदूत, हालचालींची आखणी होते त्या भागात, अशा पेशी सापडल्या की माकडाने स्वतः वस्तू उचलली तरी त्या चेतत आणि समोरच्या माणसाने उचलली तरी. पहिला लेख १९९२चा. पुढे १९९५मध्ये त्याच गटाने माणसांवर प्रयोग केला. कुणी वस्तू पकडताना बघत असताना मेंदूला चुंबकीय ठोका दिला, तर बघणाऱ्याच्या हाताचे, त्या पकडीला लागणारेच स्नायू जास्त प्रतिसाद देत होते.

भाच्याचं कोडंही यातच आहे. २००५मध्ये लंडनला बॅले नर्तक आणि कापुएरा ही ब्राझीलची नाचासारखी युद्धकला करणारे यांना दोन्ही प्रकार दाखवले, तेव्हा ज्याने जे अंगात मुरवलंय ते बघताना त्याच्या मेंदूतले हालचालीचे भाग जास्त जागे झाले. अंगठा त्यामुळेच वळला, असं मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही. या पेशींचं नेमकं काम काय, यावर अजून जोरात वाद चालू आहे.

फिजिओ_रत्नागिरी:
उपयोग होतो, पण नुसत्या बघण्याने नाही. आधी बघायचं आणि लगेच तीच कृती जमेल तेवढी करायची, अशी उपचारपद्धत आहे. २००७च्या एका अभ्यासात झटका आलेल्या रुग्णांना रोजच्या कामांचे व्हिडिओ दाखवून सराव करून घेतला, चार आठवड्यांत हाताची हालचाल सुधारली. अभ्यास लहान होता, तेव्हा नेहमीचे व्यायाम अजिबात सोडू नका आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा. एक करा: दादांना बाबांच्या समोर नको, शेजारी बसवा. म्हणजे ते हात बाबांना आपल्याच हातांसारखे दिसतील.

पडवी_असगोली:
डॉक्टरांना विचारलं, हो म्हणाले. आज दादा शेजारी बसला. एक खोच घातली की थांबायचा, मग बाबांच्या बोटांत पात द्यायचा. चार वेळा निसटली. पाचव्यांदा अंगठ्याखाली धरून राहिली. खोचता नाही आली, पण दादाने पुढची पात चुकून वरून घेतली तेव्हा बाबा एकदम म्हणाले, "खालून रे, खालून."