न झालेल्या तपासणीच्या टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) सही करायला सांगितले तर काय करावे?

शिरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम फाउंड्रीत गुणवत्ता विभागात आहे. आम्ही ५००/७ ग्रेडच्या एसजी आयर्नचे (गोळीदार ग्राफाइट असलेल्या ओतीव लोखंडाचे) ब्रॅकेट ओततो आणि मशीनिंग झाल्यावर ते मालवाहू गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये बसतात. प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) टेस्ट बार ताकदीसाठी ओढून पाहायचा आणि मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी धातूची रचना) तपासायचा, हे ग्राहकाशी ठरलेल्या कंट्रोल प्लॅनमध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. गेल्या महिनाअखेरीस दोन हीटचे मायक्रो व्हायचे राहिले होते, गेटवर ट्रक उभा होता, आणि आमच्या साहेबांनी आधीच्या हीटचे आकडे थोडे मागेपुढे करून टीसी बनवायला सांगितली. मी काहीबाही कारण सांगून वेळ मारून नेली आणि ट्रक दुसऱ्या दिवशी गेला. नंतर दोन्ही हीटचे रिपोर्ट चांगले आले, त्यामुळे माझी बाजू आणखीच लंगडी पडली. “उगाच गाडी अडवलीस” हे मला सगळ्यांसमोर ऐकावे लागले.

लॉकडाउनमध्ये माझी आधीची नोकरी गेली, तेव्हा याच साहेबांनी मला येथे उभे केले. त्यांच्याशी वाकडे घेण्याची माझी इच्छा नाही, पण पुढच्या महिनाअखेरीला हाच प्रसंग पुन्हा येणार हेही मला दिसते आहे. अशा वेळी नकार नेमका कोणत्या शब्दांत द्यावा?

जुना फाउंड्रीवाला

रिपोर्ट चांगले आले म्हणून तुमची बाजू लंगडी पडत नाही. एसजी आयर्नमधील ग्राफाइट गोळीदार होते ते मॅग्नेशियममुळे, आणि ते धातूत मिसळण्याची ट्रीटमेंट झाल्या क्षणापासून ते मॅग्नेशियम कमी होऊ लागते. मोल्ड तयार नसले, क्रेन अडकली किंवा लाइन थांबली, तर दहा-पंधरा मिनिटांत लॅडलमधील (ओतण्याच्या भांड्यातील) धातू पहिल्यासारखा राहत नाही, आणि शेवटच्या मोल्डमध्ये नेमका तोच जातो. मायक्रोचा नमुना शेवटच्या धातूचा घ्यायचा, ही रीत त्यासाठीच आहे. आधीच्या हीटच्या वेळी लॅडल किती वेळ थांबले होते आणि या हीटच्या वेळी किती, याचा एकमेकांशी काय संबंध? स्पेक्ट्रोवर (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्हींचे कार्बन-सिलिकॉन जुळले तरी गोळ्या जुळतील असे नाही, आणि फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) झाल्यावर चांगला व वाईट ब्रॅकेट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. त्या दिवशी साहेबांना हीट चांगली असल्याचे ठाऊक नव्हते, त्यांनी तसे गृहीत धरले होते.

आता नकाराविषयी. नुसते “मी सही करणार नाही” म्हटले की ते भांडण होते, म्हणून साहेबांकडे जाताना हातात पर्याय घेऊन जावे. ज्या हीटचे रिपोर्ट आले आहेत तो माल त्याच ट्रकने पाठवता येतो, उरलेल्याला लाल टॅग लावून होल्डमध्ये ठेवता येते. अगदीच घाई असेल तर अल्ट्रासॉनिकने नगानग तपासता येतो. गोळीदार ग्राफाइटमध्ये ध्वनीचा वेग साधारण ५,५०० मीटर प्रति सेकंदाच्या वर राहतो आणि गोळ्या बिघडल्या की तो उतरतो, त्यामुळे संशयित नग वेगळे पडतात. तेही जमणार नसेल तर ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाला तपासणी बाकी असल्याचे कळवून लेखी डेव्हिएशन (ठरलेल्यापेक्षा वेगळे करण्याची परवानगी) मागावे. ते मिळते किंवा मिळत नाही, पण मागितल्याबद्दल कोणी ऑर्डर काढून घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

तुमच्या कंपनीकडे आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक) असेल तर त्यातील ५.३.२ हे कलम उघडून पाहा. गुणवत्तेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला डिस्पॅच आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

व्यवहारी

ही सगळी पुस्तकी चर्चा झाली. महिनाअखेरीला कोणत्या फाउंड्रीत काय चालते हे येथे सर्वांना ठाऊक आहे. एका सहीने आभाळ कोसळत नाही. नोकरी गेली तर घराचा हप्ता मात्र कोणी भरायला येत नाही.

उद्यमनगरातील एक कारखानदार

व्यवहारी यांनी हप्त्याचा मुद्दा काढला तो खोटा नाही, आणि तरुण मुलांना प्रामाणिकपणाचे डोस पाजणाऱ्यांनी तो आधी लक्षात घ्यावा. तरीही आभाळ कोसळत नाही, या वाक्याशी मी सहमत नाही. जपानच्या कोबे स्टील कंपनीने २०१७ मध्ये मालाचे आकडे बदलून दिल्याची कबुली दिली. त्यानंतर मोटारी, विमाने आणि रेल्वे बनवणाऱ्या ग्राहकांना आपापले भाग पुन्हा तपासावे लागले आणि कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. एवढी मोठी कंपनी त्यातून तरली. आमच्यासारख्यांचे तसे नसते. कास्टिंगवर हीट नंबर उठवलेला असतो, गाडीखाली ब्रॅकेट मोडला की तो नंबर वाचून ग्राहक थेट आमच्या दारात येतो, आणि सॉर्टिंगपासून बदललेल्या भागापर्यंतचा सगळा खर्च डेबिट नोटने आमच्या नावावर पडतो.

मी स्वतः कास्टिंग बाहेरून घेऊन मशीनिंग करतो, म्हणून दुसऱ्या बाजूचेही सांगतो. आलेला प्रत्येक ब्रॅकेट कापून पाहणे मला शक्य नसते. मी पाहतो तो तुमच्यासारख्या कोणाच्या तरी सहीचा कागद, आणि त्याच्या भरवशावर माल मशीनवर चढवतो.

साहेबांच्या उपकाराविषयी थोडे वेगळे मत मांडतो. त्यांनी अडचणीत हात दिला, ते ऋण मानलेच पाहिजे. त्यांच्या घरच्या कार्याला आधी पोहोचा, रात्रपाळीला माणूस नसेल तर उभे राहा. पण टीसीवरची सही ग्राहकाला दिलेला शब्द असते, तेव्हा ती साहेबांच्या ऋणातून वळती करता येत नाही. पुष्कळदा मॅनेजरही मालक आणि बँक यांच्या मध्ये भरडला जात असतो. महिनाअखेरीची वाट न पाहता, मधल्या एखाद्या निवांत दिवशी, त्यांच्या केबिनमध्ये दोघेच असताना बोला. मायक्रो का राहतात हे शोधलेत तर बहुधा एकच माणूस सॅम्पल कापतो, पॉलिश करतो आणि रिपोर्टही लिहितो, असे आढळेल. दुसऱ्या कोणाला पॉलिशिंग शिकवले तर निम्मा प्रश्न सुटेल.

पहिल्याच दिवशी आयएटीएफचे कलम दाखवू नका. लहान कारखान्यात कलम दाखवणाऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागतात.

शिरोलीकर

दोघांचेही मनापासून आभार. सॅम्पल पॉलिश करणारा आमच्याकडे खरोखर एकच आहे आणि तो त्या दिवशी रजेवर होता. आणखी एक शंका आहे. माझ्या आधी या जागेवर असलेल्यांच्या काही टीसींमध्ये लागोपाठच्या हीटचे आकडे दशांशापर्यंत सारखे आहेत. तो माल केव्हाच गेला आहे. ते प्रकरण उकरून काढावे की गप्प बसावे?

जुना फाउंड्रीवाला

सारखे आकडे हा संशय झाला, पुरावा नव्हे, म्हणून कोणाचे नाव घेऊन सुरुवात करू नका. त्या हीटचे टेस्ट बार जपून ठेवलेले असतील तर ते ओढून पाहा आणि त्यांच्याच तुकड्याचा मायक्रोही करा. रेकॉर्डची पडताळणी म्हणून हे करायला कोणाची हरकत येण्याचे कारण नाही. निकाल चांगले आले तर ते तारखेसह फाइलला लावावेत, जुन्या टीसीत मात्र खाडाखोड करू नये. निकाल वाईट आले तर विषय तुमच्या पातळीवर राहत नाही. सदोष माल गेल्याचे कळताच ग्राहकाला तातडीने कळवणे आयएटीएफनुसार बंधनकारक आहे, आणि तो निर्णय मालकांनी घ्यायचा असतो. त्यांना समक्ष भेटा, निकालांची प्रत द्या आणि त्याच दिवशी दोन ओळींची मेलही पाठवा. फसवणुकीच्या हेतूने मालकाच्या नोंदींत खोटे लिहिणाऱ्या नोकरासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३४४ आहे. जुन्या कागदांवर आता कोणी तुमची सही मागितली तर ते वाचून मगच उत्तर द्या.

टेस्ट बार किती काळ ठेवायचे हे तुमच्या कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलेले असेल. भंगारात जाण्याआधी उद्याच रॅक पाहून घ्या.