फेस मारलेलं फ्लायव्हील परत बसवायचं की भंगारात घालायचं?

घाटवाट, साखळी
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, "क्लच बदलताना फ्लायव्हील नवंच टाका, फेस मारून परत बसवणं हा निव्वळ कंजूषपणा." खाली टाळ्याही पडल्या, म्हणून हे लांबलचक उत्तर. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या क्रँकला लागलेली जड चकती, क्लच प्लेट तिच्यावर घासते; फेस मारणं म्हणजे तिचा घासणारा भाग कापून सपाट करणं. ती काही क्लच प्लेट नव्हे, झिजली की फेकायला. आधी ते बघा तरी! बारीक, वरवरच्या तडा ग्राइंडिंगमध्ये निघून जातात. तडा बोल्टच्या भोकापर्यंत किंवा कडेपर्यंत गेली असेल तर भंगार, तिथे वादच नाही. कडेच्या, स्टार्टरच्या रिंगचे दात झिजले असतील तर बहुतेक गाड्यांत नुसती रिंग तापवून नवी चढवता येते. उरली जाडी. किमान किती हवी ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं. ती शिल्लक असेल तर नवं कशाला?

काणकोणकर
मॅन्युअल वाचणारा मेकॅनिक दाखवा, मी नारळ फोडतो. माझ्या गाडीचं फ्लायव्हील फेस मारून बसवलं. महिन्याभरात पहिल्या गिअरमध्ये गाडी अशी थरथरायला लागली की मागे बसलेली आई म्हणाली, इंजिन पडतंय की काय. अनमोड घाटात तर जळका वास सुटला. पुन्हा गिअरबॉक्स उतरवा, पुन्हा मजुरी. नवं घेतलं असतं तर एकदाच खर्च झाला असता.

लेथवाला, डिचोली
बाब, फेस मारला कशावर? लेथवर ना? मग थरथरणारच. जास्त तापलेल्या जागी बिडाचे कडक डाग पडतात, निळे-काळे. लेथचं टूल त्यावरून उडी मारतं आणि तिथे उंचवटा राहतो. ग्राइंडरचा दगड सपाट कापतो. तरी डाग खोल असेल तर वापरात परत वर येतो, हेही खरं. आणखी एक. नुसता घासणारा भाग कापून, क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट बसते ती कड तशीच सोडली, तर दाब कमी पडतो आणि क्लच घसरतो. पायरीवालं, म्हणजे कड आणि घासणारा भाग वेगळ्या उंचीवर असलेलं फ्लायव्हील असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवाव्या लागतात. हे सगळं करणारी माणसं इथे होती. २०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, पुढे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ खाणींच्या लीज रद्द केल्या. खनिज वाहणारे टिपर ट्रक दारात उभे राहून गंजले. आमच्या शेजारच्याने ग्राइंडर विकला. आता तुम्ही विचारता, चांगलं काम कुठे मिळतं!

लाल धूळ
आलं खाणीचं पुराण! फ्लायव्हीलच्या धाग्यातसुद्धा? तुमचे टिपर आमच्या दारावरून जायचे तेव्हा तुळशीवर बोटभर धूळ बसायची. शेतात गाळ, विहिरीचं पाणी तांबडं. ग्राइंडर विकला म्हणून रडू नका.

लेथवाला, डिचोली
रडत नाही, हिशोब सांगतोय. तुमच्या घरात कोणी टिपरवर नव्हतं का? आमच्याकडे दर दोन घरांमागे एक होता. बँकेचे हप्ते थकले तेव्हा तुमची तुळस कामाला आली नाही.

लाल धूळ
होता. माझा सख्खा भाऊ. म्हणूनच बोलतोय. हप्त्यापायी ओव्हरलोड करून रात्रंदिवस पळवायचा. क्लच तेव्हाही जळायचे आणि तुमचा लेथ त्यावरच चालायचा.

घाटवाट, साखळी
दोघांनीही खाणीसाठी वेगळा धागा काढा, पाया पडतो.

पर्वरीत अडकलेला
मुद्द्यावर येतो. उड्डाणपुलाच्या कामात रोज हाफ क्लचवर सरकतो, त्यामुळे फ्लायव्हील माझंही तापलेलं असणार. गाडी डिझेल, फ्लायव्हील ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं आहे. फेस मारू का?

लेथवाला, डिचोली
नाही. त्याच्या पोटात स्प्रिंगा असतात, त्याला ग्राइंडर लावायचा नसतो. हाताने फिरवून आणि हलवून खेळ बघा, कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल तर बदला. इथे काणकोणकर जिंकले, पेढे वाटा.

काणकोणकर
पेढे पाठवतो, मुकाट खा. आणि हो, साध्या फ्लायव्हीलचं तुमचं म्हणणं मानतो: ग्राइंडर असेल, कड मोजणारा असेल, तडा तपासणारा असेल तर. एवढं सगळं जमवायला काणकोणातून डिचोलीला यायचं, दोन दिवस गाडी स्टँडवर आणि मी बसमध्ये. मी नवं मागवलंय.

घाटवाट, साखळी
फ्लायव्हील उतरलंच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील बदलून घ्या. तेल गळून प्लेटवर आलं तर नवं फ्लायव्हीलही काही करणार नाही. बोल्टही नवे, आणि ते अंदाजाने आवळू नका.

लेथवाला, डिचोली
आणि जुनं भंगारवाल्याला देऊ नका हो. मडगावपर्यंत आणा, मी उचलतो. तडा नसेल तर कुणाच्या तरी गाडीला लागेल.

काणकोणकर
फुकट?

लेथवाला, डिचोली
भंगाराचा भाव देतो, पात्राव. पेढ्यांचे वजा करून.