एमएस: टीव्हीवरचे बॅलन्सचे खेळ कुणी करून पाहिलेत का?

मुलुंडची_मी:
वय ४१, बँकेत आहे. चार वर्षांपूर्वी एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) निदान झालं. चालताना डावं पाऊल घासतं, त्याची सवय झालीय. जाच आहे तो डोक्याचा. परवा काउंटरवर नोटा मोजताना गिऱ्हाईक म्हणालं, "पासबुक पण भरून द्या," आणि माझी मोजणी गेली. तीनदा. फिजिओ म्हणतात बॅलन्स बोर्ड घ्या. त्यावर उभं राहून वजन जिकडे टाकाल तिकडे पडद्यावरचा चेंडू सरकतो. शिवाय लक्ष आणि स्मरणाचे कॉम्प्युटरवरचे व्यायाम. सासूबाई: "आता चाळिशीत व्हिडिओ गेम!" खरंच उपयोग होतो, की नुसता खेळातला स्कोअर वाढतो?

ठाणेकर७२:
आमची ही सहा महिने करतेय. कणीक मळताना आता ओटा धरावा लागत नाही. विसरणं मात्र होतं तसंच. सुरुवातीला संध्याकाळी करायची. ऑक्टोबरचा उकाडा, दहा मिनिटांत डोळ्यांपुढे धूसर! वाटलं, पुन्हा एमएसचा अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, मायलिन (नसांवरचं आवरण) झिजलेल्या नसांतून अंग तापलं की संदेश नीट जात नाही, गार झालं की पूर्ववत. आता सकाळी साडेसहाला, पंखा फुल, मानेवर ओला पंचा.

ओटी_दादर:
ताई, शंका रास्त आहे. सरावानं त्या खेळातली गती वाढतेच, थोडं लक्षही सुधारतं. ते काउंटरपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून आधी मोजून घ्या: ९० सेकंदांत चिन्हांना आकडे जोडायची चाचणी, आणि ९ खुंट्या भोकांत बसवून काढायला लागणारा वेळ. आठ आठवड्यांनी पुन्हा. बोर्डावर पाय स्थिरावले की उभ्या उभ्या १०० मधून ३-३ वजा करत जा, कारण तुमची अडचण दोन कामं एकदम करण्याची आहे. शेजारी भिंत, मागे खुर्ची. घरात एकट्या असताना नको. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस आहे. प्रमाणपत्र काढून बँकेकडे काउंटरऐवजी आतलं काम मागा.

मुलुंडची_मी:
आतलं काम मागायला जीव होत नाही, बघते. काल गठ्ठ्यावर बोट दाबून आधी "एक मिनिट" म्हणाले. गिऱ्हाईक वैतागलं, मोजणी टिकली. बोर्ड शनिवारी येतोय. लादीवर सरकेल ना? खाली सतरंजी घालू?

ओटी_दादर:
सतरंजी नको, तीच सरकते. रबरी मॅट घाला.