मदत हवी आहे: उद्या फ्रेंच जेवण, सासूबाई शाकाहारी

रानजाई
जपानात फिरतोय, उद्या रात्री सातचं टेबल आहे. जेमतेम आठ खुर्च्यांचं फ्रेंच रेस्तराँ, मेन्यूकार्ड वगैरे नाही, शेफ देईल ते खायचं. सासूबाई शाकाहारी. आता रेस्तराँची जपानी मेल आलीय, भाषांतर करून काही धड कळत नाहीये. काय करू? लवकर सांगा प्लीज.

जुनाजाणता
शहर कुठलं? मेलमध्ये काय म्हटलंय? अंडं चालतं का?

चकली
मेतकूट न्यायचं हो सोबत! क्योतोत आम्ही पंधरा दिवस मेतकूट-भातावर काढले.

टिवल्याबावल्या
फ्रेंच रेस्तराँत मांडीवर मेतकुटाची बरणी? फोटो टाका नक्की.

ओसाकावासी
जपानी जेवणापेक्षा फ्रेंच परवडलं. तिथे जवळजवळ सगळ्यात दाशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी. इथे निदान लोणी, साय, भाज्या तरी असतात. पण सॉस सांभाळा. ‘फाँ द व्हो’ हा वासराच्या हाडांचा अर्क, चमचाभर असला तरी दिसत नाही. नुसतं ‘मांस नको’ म्हणालात तर तुकडा काढतील, सॉस तोच राहील.

प्रवासी_पक्षी
जपानी रेल्वेचा सात दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला. हिशोब केल्याशिवाय काढू नका.

रानजाई
पासचं कुणी विचारलंय? शहर कोबे. अंडं केकमधलं चालतं, ऑम्लेट नाही. बुकिंगच्या फॉर्मवर अ‍ॅलर्जीचा रकाना होता, तिथे मी ‘नाही’ लिहिलं. त्यांना अ‍ॅलर्जी नाहीच ना कसली!

जुनाजाणता
घ्या! माशी शिंकली ती तिथे. पथ्यपाणी, आवडनिवड सगळं त्याच रकान्यात लिहायचं असतं. एवढ्याशा जागेत माणसं मोजून बाजार करतात. आता रद्द केलंत तर पूर्ण पैसे कापू शकतात. स्वतः फोन करून माफी मागा.

ओसाकावासी
स्वतः कशाला? त्यांना इंग्रजी येत नसेल तर दोन्हीकडे नुसतं ‘हॅलो हॅलो’. हॉटेलच्या रिसेप्शनला सांगा, ते करतात. आणि चिठ्ठीवर लिहून न्या: निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन. मांसही नाही, मासेही नाही.

टिवल्याबावल्या
वर घसघशीत टीप ठेवा, सगळं जमतं.

ओसाकावासी
टीप ठेवलीत तर विसरलात समजून पैसे घेऊन मागे धावत येतील. उगाच काही सांगू नका.

चकली
कोबे आधी सांगायचंत ना! कितानो-चो भागात जैन मंदिर आहे, १९८५ चं, संगमरवरी. मोत्यांच्या व्यापारात गुजराती मंडळी आहेत तिथे. फ्रेंच सोडा, भारतीय हॉटेलात जा.

रानजाई
नवऱ्याचा पन्नासावा आहे, त्याला फ्रेंचच हवंय. असो. रिसेप्शनवरच्या मुलीने फोन केला. रेस्तराँवाले म्हणाले, उद्या अवघड आहे, परवा दुपारी या, भाज्यांचं करतो. पैसे कापणार नाहीत. लोणी-साय चालते का विचारलं. आणि पुढचा प्रश्न काय, तर कांदा-लसूण चालतो ना? मी ‘हो’ म्हणणार, तेवढ्यात सासूबाई मागून म्हणाल्या, अगं, चातुर्मास आहे.

जुनाजाणता
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?