‘ओके कॉम्प्युटर’: भाकितापेक्षा ध्वनी
रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘ओके कॉम्प्युटर’ने संगणकयुगाचे भाकीत केले म्हणूनच तो आजही ऐकला जातो, हे मत मला अर्धेच पटते. १९९७ साली आलेला हा अल्बम टिकून राहिला, त्याचे श्रेय मी त्याच्या ध्वनिमुद्रणाला अधिक देईन. इंग्लंडमधल्या बाथजवळच्या एका जुन्या वाड्यात त्याचा मोठा भाग मुद्रित झाला. ‘एक्झिट म्युझिक’ हे गाणे बँडचा गायक थॉम यॉर्क तिथल्या दगडी जिन्यात गायला, आणि त्याच्या आवाजाभोवती जो गारवा जाणवतो तो यंत्राने आणलेला नसून त्या भिंतींचा आहे. याउलट ‘एअरबॅग’ या गाण्यात बँडचा ड्रमर फिल सेल्वेच्या ड्रमवादनाचा काही सेकंदांचा तुकडा संगणकावर कापून-जोडून वापरला आहे, त्यामुळे ताल ओळखीचा वाटतो आणि तरीही मध्येच अडखळतो. ‘फिटर हॅपियर’ मी, खरे सांगायचे तर, बहुतेक वेळा वगळतो. मॅकिंटॉश संगणकाच्या कृत्रिम आवाजात वाचलेली, कसे जगावे याच्या वाक्यांची ती यादी एकदा ऐकली की पुरे होते. ‘लेट डाउन’चे तसे होत नाही. शेवटाकडे यॉर्कचेच दोन आवाज एकमेकांत गुंतत वर चढत जातात, तेव्हा कानावरचे हेडफोन काढून ठेवणे मला अजूनही जमत नाही.