गृहकर्जाचा सल्ला : मामांचे ऐकावे की पैसे मोजून तज्ज्ञाला विचारावे?

रावेतवासी

सप्रेम नमस्कार.

रावेत येथे आम्ही पुनर्विक्रीचा, बारा वर्षे जुना फ्लॅट ६५ लाखांना घेत आहोत. १ लाख रुपये टोकन दिले आहेत आणि ५० लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने काढायचे आहे. विकणाऱ्यांचे स्वतःचे कर्ज अजून फिटलेले नाही.

माझ्या मामांनी २००६ मध्ये गृहकर्ज घेतले होते आणि ते मुदतीच्या बरेच आधी फेडले. त्यांचे म्हणणे असे की दर स्थिरच घ्यावा, मुदत विचारपूर्वक ठरवावी कारण आधी फेडल्यास दंड बसतो, आणि फ्लॅट दोघांच्या नावावर घेतला की महिलेची मुद्रांक शुल्कातील सवलत मिळते. यजमानांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने एजंटामार्फत कर्ज घेतले. दहा दिवसांत मंजुरी मिळाली आणि एजंटाला एक रुपयाही द्यावा लागला नाही, म्हणून आम्हीही त्यालाच बोलवावे असा त्याचा आग्रह आहे. तिसरीकडे, शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्या एका सल्लागाराने १२,००० रुपये सांगितले आहेत, आणि कागदपत्रे तपासण्यासाठी वकिलांचे १०,००० वेगळे.

मुद्रांक शुल्काची रक्कम उभी करतानाच आमची ओढाताण होत आहे. शिवाय आमच्या हिश्श्यातील ३ लाख रुपये मामांनीच बिनव्याजी दिले असल्याने त्यांचे मन दुखवायचे नाही. हे २२,००० रुपये खर्च करणे खरोखर आवश्यक आहे का?

कर्जविभाग_निवृत्त

मी एका बँकेच्या कर्ज विभागात सव्वीस वर्षे काम केले. मामांच्या तीन सल्ल्यांपैकी दंडाचा मुद्दा २००६ साली बरोबर होता. तथापि रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास बँकांना मनाई केली, त्यामुळे आज बदलता दर घेऊन जमेल तेव्हा मुद्दल फेडत जाणे हाच बहुतेक पगारदारांसाठी सोयीचा मार्ग आहे. सवलतीचे म्हणाल, तर महाराष्ट्रात ती १ टक्क्याची सवलत खरेदीदार केवळ महिला असेल किंवा असतील तेव्हाच मिळते. पतीचे नाव जोडले की ती जाते. पिंपरी-चिंचवड हद्दीत एकूण ७ टक्के धरल्यास ६५ लाखांवर ४ लाख ५५ हजार होतात आणि एकट्या तुमच्या नावावर ३ लाख ९० हजार. फरक ६५ हजारांचा आहे, परंतु तो निर्णय फक्त शुल्काकडे पाहून घेऊ नका. हप्ता कोण भरणार आणि मालकी कोणाची, हे आधी ठरवा. हे शुल्क बँक घराच्या किमतीत धरत नाही, म्हणजे ती रक्कम आणि ३०,००० नोंदणी फी तुम्हालाच उभी करावी लागेल.

आता एजंटाविषयी. त्याला तुम्ही पैसे देत नाही हे खरे आहे. कर्ज देणारी संस्था त्याला देते, आणि किती द्यायचे हे प्रत्येक संस्था आपापले ठरवते. अनेक एजंट प्रामाणिक असतात, कागद गोळा करून देण्यात त्यांची फार मदत होते, आणि माझ्या टेबलावर सर्वांत नीटनेटक्या फाइली त्यांच्याकडूनच येत असत. परंतु कोणती संस्था तुमच्यासाठी योग्य, हा प्रश्न त्याला विचारू नये. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दरासारख्या) बाह्य मानकाशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन नाही, त्यामुळे रेपो उतरला तरी तेथील जुन्या ग्राहकाचा दर उतरायला वेळ लागू शकतो. ५० लाखांवर ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ४३,३९१ रुपये येतो, तर ८.७५ टक्क्यांनी ४४,१८६. महिन्याला ७९५ रुपये किरकोळ वाटतात, पण २४० महिन्यांत ते १ लाख ९० हजारांच्या वर जातात. रेपोवर बँक किती टक्के जोडते, तो आकडा मंजुरीपत्रात शोधा. जाहिरातीतला दर बाजूला ठेवा.

एक कागद मात्र तुम्ही स्वतः मागून घ्याच. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ, म्हणजे गृहकर्जासारखे कर्ज घेणाऱ्या, कर्जदाराला मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे, आणि त्यात प्रोसेसिंग फी वगैरे सर्व खर्च धरून वार्षिक टक्केवारी दर लिहिलेला असतो. दोन संस्थांची विवरणपत्रे शेजारी ठेवलीत, तर सल्लागाराचे निम्मे काम तुमच्याच हातून होईल.

गोदाकाठ

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यात माझा अनुभव जोडते. आम्ही आमच्या जाऊबाईंच्या भरवशावर, त्या जिथून कर्ज घेतात तिथूनच घेतले. सह्यांच्या दिवशी टेबलावर सत्तर-ऐंशी पानांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीची फुली मारून ठेवलेली होती, तिथे आम्ही सही करत गेलो. दोन महिन्यांनी खात्याचा उतारा पाहिला, तेव्हा कर्जाच्या रकमेत १ लाख ८० हजारांचा एकरकमी विमा हप्ता मिळवलेला दिसला. शाखेत विचारले, तर विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळत नाही असे उत्तर आले. तसा कोणताही नियम नाही हे मला नंतर एका सनदी लेखापालांनी सांगितले. परंतु पॉलिसी परत करण्याची मुदत तोवर संपली होती. ८.५ टक्क्यांनी वीस वर्षे धरली तर त्या विम्यापोटी आम्ही पावणेचार लाख रुपये भरणार आहोत.

विमा वाईट असे मी म्हणत नाही. घरात एकच कमावता असेल तर तो हवाच, आणि त्यासाठी साधा मुदत विमा स्वतंत्रपणे घेता येतो. जाऊबाईंचा दोष मी आजही मानत नाही, कारण त्यांनाही तो विमा लावलेला होता आणि त्यांना आमच्यानंतर कळले.

साखळीपत्र

मी पिंपरी येथे मिळकतविषयक वकिली करतो, त्यामुळे माझे मत त्या दृष्टीने वाचावे. दर, मुदत, विमा हे सर्व पुढे दुरुस्त करता येते, कर्ज दुसऱ्या बँकेत नेताही येते. मालकीतील दोष तसा दुरुस्त होत नाही, म्हणून २२,००० पैकी एकच खर्च परवडणार असेल, तर वकिलाचा करा.

बँकेचे वकील शोध अहवाल (मालकीच्या नोंदींची तपासणी) काढतातच, मग वेगळा कशाला, असे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते. तो अहवाल बँकेचे पैसे सुरक्षित आहेत की नाही एवढेच पाहण्यासाठी असतो, आणि बहुतेकदा तो तुमच्या हाती येतही नाही. बारा वर्षे जुन्या फ्लॅटमध्ये मी बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतची करारांची साखळी, प्रत्येक कराराची मूळ नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराच्या नोंदीचा उतारा), इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र आणि ना हरकत पत्र पाहतो. गेल्या वर्षी एका जोडप्याच्या प्रकरणात सर्व काही व्यवस्थित होते, फक्त पहिल्या खरेदीदाराची मूळ नोंदणी पावती नव्हती, आणि तेवढ्यासाठी पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना असे करत कर्ज सात आठवडे अडले.

तुमच्या बाबतीत विकणाऱ्यांचे मूळ कागद त्यांच्या बँकेत आहेत. त्या बँकेकडून कागदांची यादी आणि कर्ज बंद करण्याच्या रकमेचे पत्र आधी घ्या, आणि तुमच्या बँकेचा धनादेश थेट त्या कर्ज खात्याच्या नावे निघेल असे करारात लिहा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत न केल्यास बँकेला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे; तो विकणाऱ्यांनाही सांगून ठेवा. आणखी एक गोष्ट नातेवाईक सहसा सांगत नाहीत. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्याने १ टक्का टीडीएस (विकणाऱ्यांच्या पैशातून आधीच कापायचा प्राप्तिकर), म्हणजे ६५,००० रुपये, तुम्ही कापून सरकारकडे भरायचे आहेत. ते राहिले तर नोटीस खरेदीदाराला येते.

कृष्णाकाठचा

कागद आणि दराबाबत वरील मंडळींचे म्हणणे योग्यच आहे, परंतु आप्तांचा सल्ला इतका हलका मानू नये असे मला वाटते. आमचे कर्ज ठरत असताना प्रत्येकजण आम्ही किती कर्जास पात्र आहोत हे सांगत होता. सांगलीच्या आत्याने मात्र, दोघांपैकी एकाचा पगार वर्षभर थांबला तर हप्ता कुठून भराल, असे विचारले. त्या रात्री आम्ही दोघांनी वहीत हिशेब मांडला आणि ५८ लाखांऐवजी ४४ लाखांचे कर्ज घेतले. पुढे मुलीच्या जन्मानंतर पत्नीने चौदा महिने नोकरी सोडली, तेव्हा एकही हप्ता चुकला नाही. आम्हाला जवळून ओळखणारी आत्या होती म्हणूनच तो प्रश्न विचारला गेला.

रावेतवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वकिलांना काल भेटलो आणि साखळीचे कागद दिले. २०१५ च्या कराराची नोंदणी पावती विकणाऱ्यांच्या बँकेच्या यादीत आहे का, ते सोमवारी कळेल. दोन बँकांकडे विवरणपत्रे मागितली आहेत. ती हाती आल्यावर आम्हाला समजली नाहीत, तरच सल्लागाराकडे जाणार आहोत.

मामांना काल संध्याकाळी घरी बोलावले होते. मुदतपूर्व फेडीचा नियम त्यांनी स्वतः पुन्हा विचारून घेतला आणि समाधान व्यक्त केले. नंतर त्यांनी आमच्या दोघांच्या पगाराचा हिशेब मागितला, आणि ५० ऐवजी ४५ लाखांत भागत असेल तर आपण आणखी ५ लाख देऊ, असे ते म्हणाले. ती रक्कम घ्यावी की नाही हे आम्ही अजून ठरवलेले नाही.